भाऊचे माऊ होऊ नये म्हणून : धातूच्या भेटवस्तूंविषयी वाचकांचे प्रश्न

व्यवसायाच्या नावाने द्यावयाच्या भेटवस्तूंविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेली बहुतेक पत्रे कीचेन, बिल्ले, पदके आणि बाटल्या अशा धातूच्या वस्तूंविषयीची निघाली, याचे मला नवल वाटले नाही. ज्या घरांत तांब्या-पातेल्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव, तारीख आणि ‘यांजकडून सप्रेम भेट’ असे कोरून घेण्याची रीत आहे, तेथे धातूवर नाव घालण्याचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. भांड्याला पोचे येतात, कल्हई उडते, तरी नाव वाचता येते. मात्र चुकलेले नावही तितकीच वर्षे वाचता येते. खालील उत्तरे लिहिताना, अंधेरीच्या एका गाळ्यात ठसे आणि साचे करण्यात गेलेली माझी वर्षे डोळ्यांपुढे होती.

आमच्या पतपेढीला यंदा पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. सुमारे तीन हजार सभासदांना बोधचिन्ह असलेली गोल कीचेन द्यावी, असे संचालक मंडळाने ठरवले आहे. एक कारखानदार पितळ सुचवतो, दुसरा जस्ताचे ओतकाम, तिसरा ॲल्युमिनियम. निवड कशी करावी? — एक वाचक, लालबाग

प्रथम वजनाचा हिशेब करावा, कारण हातात घेतलेली वस्तू ‘चांगली’ की ‘फुकटची’ हे माणूस वाचण्याआधी तोलून ठरवतो. ४० मिलिमीटर व्यासाची आणि ३ मिलिमीटर जाडीची चकती पितळेची केली तर सुमारे ३२ ग्रॅम भरते, जस्ताच्या मिश्रधातूची २५ ग्रॅमच्या आसपास आणि ॲल्युमिनियमची जेमतेम १० ग्रॅम. ॲल्युमिनियम स्वस्त पडेल हे खरे. परंतु पन्नास वर्षांच्या संस्थेची भेट बाटलीच्या झाकणासारखी हलकी लागावी, हे मला पटत नाही. उलट ३२ ग्रॅमची कीचेनही खिशाला जड होते आणि पहिल्याच आठवड्यात किल्ल्यांपासून वेगळी होऊन खणात जाऊन पडते. तीच चकती ३० मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाडीची केली, तर पितळेतही वजन १५ ग्रॅमवर येते. आपल्या कामासाठी हे माप मला योग्य वाटते.

आता घडवण्याची पद्धत. जस्ताच्या ओतकामात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम मिसळलेले जस्त वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरतात. हा मिश्रधातू चारशे अंश सेल्सिअसच्या आतच वितळत असल्याने काम वेगाने होते आणि आरपार भोके, गोलाई, उंचसखल आकार एकाच फटक्यात मिळतात. पितळेच्या कामात पत्र्यातून चकती कापून ती कडक पोलादाच्या दोन ठशांमध्ये प्रेसखाली दाबली जाते. नाणी अशीच पाडली जातात. आपल्या खिशातील एखाद्या नाण्यावर सालाच्या खाली इवलासा चौकट-बदाममधला ‘चौकट’ आकार दिसला, तर ते नाणे फोर्टमधील टांकसाळीत पाडलेले आहे असे समजावे. मुंबईच्या टांकसाळीची ती खूण आहे. तेवढ्याशा आकाराच्या कडा किती स्वच्छ उमटल्या आहेत हे भिंगातून पाहिले, की दाबकामाची ताकद निराळी सांगावी लागत नाही. आपली वस्तू सपाट आणि गोल आहे, संख्या तीन हजार आहे, त्यामुळे ठशाचा खर्च प्रत्येक नगावर नगण्य होतो. म्हणून मी पितळ आणि दाबकाम या जोडीच्या बाजूने मत देईन. बोधचिन्हात एखादी त्रिमितीय मूर्ती किंवा आरपार जाळी असती, तर मात्र ओतकामाला पर्याय नव्हता.

मागील बाजू कोरी सोडू नये. तेथे लेझरने सभासद क्रमांक घालता येतो, कारण लेझरला ठसा लागत नाही आणि प्रत्येक नगावरील मजकूर यादीतून आपोआप बदलता येतो. क्रमांकासोबत पतपेढीचा दूरध्वनी असावा. सभासदाचा पत्ता कदापि नसावा. हरवलेल्या किल्ल्यांबरोबर घराचा पत्ता देणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखाना सोपवणे होय.

दोनशे बिल्ल्यांसाठी साकीनाक्याच्या दोन कारखान्यांकडून दर मागवले. एकाचा दर दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. नमुने मात्र सारखेच दिसतात. फसवणूक कोण करत आहे? — एक वाचक, अंधेरी (पूर्व)

बहुधा कोणीही नाही. एकाने डायचा, म्हणजे ठशाचा किंवा साच्याचा, खर्च नगाच्या दरात मिसळला असेल आणि दुसऱ्याने तो वेगळा धरला असेल. समजा, डायचे सहा हजार रुपये आणि नगाचे चाळीस रुपये असा दर आहे. दोनशे नगांना प्रत्येकी तीस रुपये डायचे पडतात, म्हणजे बिल्ला सत्तर रुपयांना जातो. दोन हजार नगांना हाच बोजा तीन रुपयांवर येतो. (हे आकडे केवळ गणितापुरते आहेत, बाजारभाव समजू नये.) म्हणून दरपत्रक मागवतानाच डाय, धातूचा प्रकार आणि जाडी, मुलामा, रंगांची संख्या, मागील पिन किंवा कडी आणि वेष्टण हे सर्व वेगवेगळे लिहून मागावे.

डायचे पैसे आपण भरले असतील तर ती कोणाच्या मालकीची, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. पुढील वर्षी दुसऱ्या कारखान्यात काम द्यायचे झाले, तर पहिला कारखानदार डाय हातची सोडत नाही, आणि तोंडी बोलण्याला तेव्हा काही अर्थ उरत नाही. दोनशेपेक्षाही कमी नग हवे असतील, तर डायच्या भानगडीत न पडता पत्र्यावर लेझरने किंवा आम्लाने कोरलेला बिल्ला घ्यावा, किंवा रबरी साच्यातील ओतकाम करून घ्यावे. रबरी साच्यात कथिलाचा मिश्रधातू वापरतात. त्यात शिसे नसल्याचे लेखी घ्यावे, विशेषतः वस्तू लहान मुलांच्या हाती जाणार असेल तेव्हा.

रंगांविषयी एवढेच, की मऊ इनॅमलमध्ये रंग धातूच्या रेघांपेक्षा खोल बसतो आणि बोटाला खाचा लागतात, तर कडक इनॅमलमध्ये तो भरून, घासून धातूच्या पातळीत आणलेला असतो. दुसऱ्या प्रकाराला मेहनत अधिक आणि म्हणून दामही अधिक. छायाचित्रात दोन्ही सारखेच दिसतात. आपले नमुने ‘सारखे दिसतात’ असे आपण लिहिले आहे. ते एकदा डोळे मिटून बोटाने तपासावेत.

आमच्या फरसाणाच्या दुकानाचे नाव मराठीत असलेले बिल्ले करून घेतले. संगणकावर अक्षरे सुंदर दिसत होती, प्रत्यक्षात ती भरून गेली आहेत आणि लांबून नाव वाचताच येत नाही. कारागीर म्हणतो, इंग्रजी अक्षरे घ्या, मराठी धातूवर नीट येत नाही. हे खरे आहे का? — एक वाचक, गिरगाव

हे खरे नाही, आणि या उत्तराला मी जागा थोडी जास्त घेणार आहे. ज्या देशात ताम्रपट कोरले गेले, तेथे देवनागरी धातूवर येत नाही असे म्हणणे हा कारागिराचा आळस आहे. खरे एवढेच, की देवनागरीचे गणित रोमन अक्षरांहून वेगळे आहे आणि बहुतेक ठिकाणी मापे रोमन अक्षरांची लावली जातात.

सहा मिलिमीटर उंचीची पट्टी घ्या. रोमन लिपीतील मोठी अक्षरे ती पट्टी पूर्ण व्यापू शकतात. देवनागरीला मात्र शिरोरेखेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार यांसाठी जागा लागते आणि खाली उकारासाठी. मधल्या मूळ अक्षराच्या वाट्याला त्याच पट्टीतील जेमतेम निम्मी उंची येते. कारागीर जेव्हा ‘दीड मिलिमीटरपर्यंत अक्षर येते’ असे सांगतो, तेव्हा तो इंग्रजी अक्षराविषयी बोलत असतो. आपण त्याला मूळ अक्षराची, म्हणजे उदाहरणार्थ ‘व’ची, उंची विचारावी, ती तीन मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये आणि कोणतीही रेघ किंवा दोन रेघांमधील फट पाव मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नये.

फटींचा प्रश्न तर आपल्या लिपीत अर्थाचा प्रश्न आहे. ‘भ’ आणि ‘म’, तसेच ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातील फरक शिरोरेखेच्या डावीकडील तुटीवर अवलंबून असतो. मुलाम्याच्या थराने किंवा रंगाने ती तूट बुजली, की ‘धन’चे ‘घन’ होते. एका दुकानाच्या नावातील ‘भाऊ’चे ‘माऊ’ झालेले पाचशे बिल्ले मी स्वतः पाहिले आहेत. मालक संतापले होते, परंतु त्यांची नात मात्र अतिशय खूश होती. ‘ष’, ‘क्ष’, ‘ढ’, ‘ळ’ यांच्या पोटातील पोकळ्याही अशाच बुजतात. म्हणून अक्षररचना करणाऱ्याने ही तूट आणि या पोकळ्या कागदावर असतात त्यापेक्षा मुद्दाम मोठ्या काढाव्यात. संगणकावर त्या किंचित बेढब दिसतील. धातूवर योग्य दिसतील.

याउलट, एका कामात देवनागरीसारखी सोयीची लिपी नाही. पत्र्यातून नाव आरपार कापून काढायचे असेल, तर रोमन अक्षरे सुटी पडतात आणि त्यांना मागे पट्टी जोडावी लागते. आपल्याकडे शिरोरेखाच सर्व अक्षरांना खुंटीवर टांगल्यासारखी धरून ठेवते आणि कडीसाठी भोकही तिच्याच टोकाला पाडता येते. गळून पडतो तो अनुस्वार, आणि विसर्गाचे दोन ठिपके. अनुस्वाराला शिरोरेखेपर्यंत बारीकशी मान काढून द्यावी. शिरोरेखा नसलेले फॅशनेबल अक्षर निवडले असेल, तर हा सगळा फायदा हातचा जातो.

फाइल पाठवतानाची एक चूक वारंवार होते. कोरल ड्रॉमध्ये जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये केलेले नाव कारखान्याच्या संगणकावर उघडले, की तेथे तो फाँट नसल्यामुळे रफार पुढच्या अक्षरावर जातो किंवा वेलांटी हरवते, आणि लेझर चालवणाऱ्या मुलाला मराठी वाचता येत नसेल तर ते तसेच कापले जाते. यासाठी अक्षरांचे ‘कर्व्ह’ करून, म्हणजे त्यांचे रेखाटनात रूपांतर करूनच फाइल द्यावी आणि सोबत बरोबर दिसणाऱ्या नावाचा छापील कागद जोडावा. त्याच वेळी ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा आहे ना, हेही पाहावे. बाजारातील अनेक फाँटमध्ये हिंदी वळणाची अक्षरे असतात, आणि गिरगावातील दुकानाचे नाव हिंदी वळणात पाहून मराठी ग्राहकाला काहीतरी खटकते, जरी नेमके काय खटकले हे त्याला सांगता आले नाही तरी.

आपला पुढील बिल्ला मंजूर करण्यापूर्वी रेखाटन प्रत्यक्ष मापात कागदावर छापून घ्यावे आणि घरातील सर्वांत वयस्कर माणसाला हातभर अंतरावरून, चश्म्याविना वाचायला द्यावे. संगणकाच्या पडद्यावर दहापट मोठे करून दिलेली मंजुरी ही मंजुरी नव्हे.

ग्राहकांना देण्यासाठी मे महिन्यात सोनेरी मुलाम्याच्या कीचेन घेतल्या. गणपतीपर्यंत निम्म्या काळवंडल्या, काहींवर फोड आले आणि कड्यांना गंज चढला. एकाच मालाला इतके आजार कसे? — एक वाचक, मुलुंड

हे तीन वेगळे आजार आहेत आणि त्यांची कारणेही तीन आहेत. फोड जस्ताच्या ओतकामाचे आहेत. ओतताना हवा अडकली की धातूत सूक्ष्म छिद्रे राहतात, मुलाम्यापूर्वीच्या धुलाईतील रसायन त्यांत शिरते आणि पुढे थर आतून उचलला जातो. चांगले मुलामा देणारे जस्तावर आधी तांब्याचा, मग निकेलचा आणि शेवटी सोनेरी थर चढवतात; तांब्याचा थर वाचवला की पैसे वाचतात आणि फोड येतात.

गंज कडीचा आहे. कीचेन जस्ताची किंवा पितळेची असली, तरी तिची कडी आणि साखळी बहुतेक वेळा लोखंडी असते आणि तिच्यावर निकेलचा नुसता वास असतो. कडीला चुंबक जोरात चिकटले तर समजावे. स्टेनलेस स्टीलच्या कडीला प्रत्येक नगामागे थोडेच पैसे अधिक पडतात, आणि मुंबईच्या हवेत मी त्याखेरीज दुसरी कडी घेणार नाही.

काळवंडण्याचे कारण कदाचित आपल्या कपाटातच सापडेल. शेकड्याने मोजलेल्या कीचेन आपण रबरबँड लावून ठेवल्या होत्या का? रबरात गंधक असते, आणि दमट हवेत ते तांब्याला व पितळेला काळे करते. पुठ्ठ्याचा खोकाही पावसाळ्यात ओल धरून बसतो. प्रत्येक नग प्लास्टिकच्या बंद पिशवीत आणि मोठ्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढी काळजी मे महिन्यात घेतलेल्या मालाला आवश्यकच होती.

पुढच्या वेळी कारखानदाराला मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीविषयी विचारावे. पाच टक्के मिठाच्या द्रावणाचा फवारा ३५ अंश सेल्सिअसला वस्तूवर सतत सोडून ती किती तास टिकते, हे त्यात पाहतात. छोट्या कारखान्याकडे ही सोय नसते. तेव्हा दोन-तीन कारखान्यांचे नमुने मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या एकाच फडक्यात गुंडाळून, बंद डब्यात दोन दिवस ठेवावेत. ही शास्त्रीय चाचणी नाही, पण कोणाचा मुलामा आधी हार मानतो हे कळते.

शिवजयंतीला ग्राहकांना वाटण्यासाठी एका बाजूस छत्रपती शिवाजी महाराजांची प्रतिमा आणि दुसऱ्या बाजूस आमच्या फर्मचे नाव असलेले नाणे करावयाचे आहे. रचना कशी असावी? — एक वाचक, दादर

ही रचना करू नये. चिन्हे व नावे यांच्या अनुचित वापराला प्रतिबंध करणारा १९५० चा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत राष्ट्रध्वज, अशोकचक्र, महात्मा गांधी यांच्याबरोबर छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्र यांचाही समावेश आहे, आणि केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीविना व्यापारासाठी त्यांचा वापर करता येत नाही. आपल्या भागातील अनेक दुकानांत अशा वस्तू दिसतात हे मला ठाऊक आहे. परंतु दुसऱ्याने सिग्नल तोडला हे आपल्याला पावतीतून सोडवत नाही. शिवराईची प्रतिकृती करण्याची पळवाट काही जण सुचवतील. त्या नाण्यावरही महाराजांचेच नाव आहे, तेव्हा मला ती सुरक्षित वाटत नाही. एखाद्या गडाच्या दरवाजाची किंवा बुरुजाची रेखाकृती उठावात फार सुरेख येते. महाराजांच्या राजमुद्रेलाही हात लावू नये, हे सांगायला कायदा हवा असे मला वाटत नाही.

आमच्या औषधांच्या दुकानातर्फे येथील ज्येष्ठ नागरिक संघाला नावाचे बिल्ले द्यायचे आहेत. पिनमुळे कपडे फाटतात, म्हणून चुंबकाचे बिल्ले घ्यावेत का? — एक वाचक, बोरिवली

घेऊ नयेत. अशा बिल्ल्यांतील चुंबक लहान पण जोरदार असतात, आणि ते नेमके छातीवर लागतात. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी चुंबक त्यापासून दूर ठेवावेत, असे सांगितले जाते, आणि ज्येष्ठांच्या संघात असे सभासद निश्चित असणार. औषधांच्या दुकानाने तरी ही चूक करू नये. गळ्यात अडकवण्याच्या फितीवर बिल्ला द्यावा, अक्षरे मोठी ठेवावीत, आणि सभासदाचे नाव दुकानाच्या नावापेक्षा मोठे असावे.

भेटवस्तूंच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते का? — एक वाचक, भांडुप

भेट म्हणून दिलेल्या वस्तूंवरील कराची वजावट केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे मिळत नाही. त्यामुळे अंदाजपत्रकात कर हा खर्चच धरावा. विक्रीच्या मालासोबत एकत्रित किमतीत दिलेल्या वस्तूंचा विचार वेगळा होऊ शकतो. तो आपल्या सनदी लेखापालांना खरेदीपूर्वी विचारावा, नंतर नव्हे.

कर्मचाऱ्यांसाठी नाव कोरलेल्या स्टीलच्या बाटल्या घ्यायच्या आहेत. विक्रेता ‘३०४’ दर्जाचे स्टील असल्याचे चुंबक लावून सिद्ध करतो. विश्वास ठेवावा का? — एक वाचक, कांजूरमार्ग

चुंबकाने ते सिद्ध होत नाही. ३०४ दर्जाच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही हे खरे. पण कमी निकेलच्या, मँगनीज घातलेल्या २०२ दर्जाच्या स्टीललाही तो तसाच चिकटत नाही. आणि बाटलीचा गळा घडवताना पत्रा ताणला गेलेला असतो, तेथे अस्सल ३०४ सुद्धा चुंबकाला किंचित ओढ देते. म्हणजे या परीक्षेत खोटे उत्तीर्ण होते आणि खरे नापास होऊ शकते. पत्र्याचे व्यापारी दर्जा ओळखण्यासाठी रसायनाचा थेंब टाकून पाहतात. मोठी खरेदी असेल तर एक बाटली कापून प्रयोगशाळेत द्यावी आणि बिलावर दर्जा लिहून घ्यावा.

नावे घालण्यासाठी रंगीत पावडर कोटिंगची बाटली निवडावी. लेझर तिच्यावरचा रंग उडवतो आणि खालचे स्टील चंदेरी अक्षरांच्या रूपाने उघडे पडते. ही अक्षरे पुसली जात नाहीत. उघड्या स्टीलवर काळी अक्षरे हवी असतील, तर लेझर धातू तापवून ती उमटवतो. उष्णता जास्त झाली की नेमक्या अक्षरांवर गंज धरतो. तसा एक नमुना घेऊन तो आठवडाभर ओला ठेवून पाहावा. दुहेरी भिंतीच्या बाटलीवर खोल कोरीवकाम सांगू नये, कारण बाहेरचा पत्रा पातळ असतो. नावांची यादी कर्मचाऱ्यांकडूनच, त्यांनी स्वतः लिहिलेली घ्यावी. ‘कुलकर्णी’मधला रफार आणि ‘जोशी’मधली दीर्घ वेलांटी कार्यालयातील यादीत हमखास चुकलेली असते, आणि अशी बाटली मग त्या माणसाच्या टेबलावर रोज त्याच्याकडे बघत उभी राहते.